नाक मोकळं असणं आणि मोकळं वाटणं : नाकाची शस्त्रक्रिया आणि श्वासाची मोजणी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणतात, म्हणजे नेमकं काय वाढतं?

बहुतेक वेळा काहीच वाढलेलं नसतं. दोन नाकपुड्यांच्या मधली भिंत, म्हणजे नाकाचा पडदा, सरळ नसून एका बाजूला झुकलेला असतो. हा पडदा पुढच्या भागात कूर्चेचा म्हणजे मऊ हाडाचा आणि मागे पातळ हाडाचा असतो. कूर्चा आणि हाड जिथे जुळतात तिथे कधीकधी कंगोरा तयार होतो. हा कंगोरा दुर्बिणीतून टोकासारखा दिसतो, आणि ‘हाड वाढलं’ हा शब्दप्रयोग बहुधा त्यावरूनच रूढ झाला असावा.

‘नाकात मांस वाढलंय’ ही वेगळी तक्रार आहे. नाकाच्या बाहेरच्या भिंतीवर प्रत्येक बाजूला तीन घड्या असतात, त्यांना टर्बिनेट म्हणतात. सर्वांत खालची घडी सुजून फुगली की तिला ‘मांस’ म्हटलं जातं. पॉलिपनाही लोक मांसच म्हणतात. पॉलिप म्हणजे द्राक्षासारखे लोंबणारे फुगवटे, त्यांचा आजार आणि उपचार दोन्ही निराळे. तेव्हा कोणी ‘मांस काढायचंय’ म्हणालं तर आधी कोणतं मांस हे विचारून घ्या. टर्बिनेट हा नाकाचा काम करणारा अवयव आहे, पॉलिप तसा नाही.

पडदा वाकडा असेल तर शस्त्रक्रिया करावीच लागते का?

नाही. अगदी सरळ पडद्याची माणसं कमीच सापडतात. वाकडा पडदा घेऊन जन्मभर निवांत श्वास घेणारे असंख्य आहेत. उलट पडद्याचा छोटासा बाक नेमका अरुंद जागी असल्यामुळे हैराण झालेलेही असतात. बाक किती आहे यापेक्षा तो कुठे आहे याला जास्त महत्त्व असतं.

ही अरुंद जागा कुठली?

नाकपुडीच्या तोंडापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटर आत. तिथे एका बाजूला पडदा, दुसऱ्या बाजूला नाकाच्या बाजूच्या भिंतीची कूर्चा आणि खाली टर्बिनेटचं पुढचं टोक, या तिघांच्या मधून हवेला वाट काढावी लागते. तिला नाकाची झडप म्हणतात. मिंक या शास्त्रज्ञाने 1903 साली तिच्याकडे लक्ष वेधलं. पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यातला कोन इथे जेमतेम 10 ते 15 अंशांचा असतो. श्वास घेताना सगळ्या श्वसनमार्गात हवेला जो अडथळा होतो, त्यातला निम्म्याच्या आसपास एकट्या नाकात होतो, आणि नाकातला बराचसा या झडपेपाशी.

अरुंद नळीचं गणितही इथे आडवं येतं. हवा संथ वाहत असेल तर नळीची त्रिज्या जशी कमी होते, तसा अडथळा तिच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. नाक काही गुळगुळीत सरळ नळी नाही, त्यामुळे हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. पण कल येतो लक्षात : झडपेपाशी एक मिलिमीटर कमी झाला तर जो फरक पडतो, तो मागच्या प्रशस्त भागात तीन मिलिमीटर कमी होऊनही जाणवत नाही.

झडपेची आणखी एक खोड आहे. जोरात श्वास ओढला की आतला दाब कमी होतो आणि मऊ भिंत आत ओढली जाते. काहींच्या नाकपुड्या धावताना चक्क मिटताना दिसतात. हा दोष शांत बसलेल्या माणसाच्या सीटी स्कॅनमध्ये दिसणारच नाही, कारण स्कॅन म्हणजे स्थिर चित्र.

कधी डावी नाकपुडी बंद, कधी उजवी. हा आजार आहे का?

आजार नाही, नाकाची पाळी आहे. एका बाजूचे टर्बिनेट रक्ताने फुगतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे ओसरतात, आणि काही तासांनी अदलाबदल होते. जर्मन डॉक्टर रिखार्ड कायझर यांनी 1895 साली याचं वर्णन केलं. दोन्ही बाजूंचा मिळून अडथळा जवळपास तेवढाच राहतो, म्हणून निरोगी माणसाला याचा पत्ता लागत नाही. कुशीवर झोपलं की खालची बाजू चोंदते, तेही स्वाभाविक.

एक बाजू *कायमच* बंद असेल, पाळी येतच नसेल, तर मात्र दाखवा. त्यातून एकाच बाजूने रक्त येत असेल किंवा वास सुटत असेल तर वेळ घालवू नका.

डॉक्टर नुसतं बघून कसं ठरवतात?

नुसतं बघून ठरवू नये, हे खरं. पण चांगली तपासणी यंत्राशिवायही बरंच सांगते. आधी रुग्णाला काही न सांगता नेहमीसारखा श्वास घ्यायला लावून बाहेरून बघायचं. मग गालाची त्वचा हळूच बाहेर ओढून श्वास सुधारतो का, हे विचारायचं. ही अमेरिकी सर्जन कॉटल यांची चाचणी. तिची अडचण अशी की गाल ओढल्यावर जवळजवळ सगळ्यांनाच बरं वाटतं. म्हणून बारीक काडीने झडपेपाशी भिंतीला आतून हलकासा आधार देऊन बघणं जास्त भरवशाचं.

त्यानंतर दुर्बीण. आणि मग माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत जास्त टाळली जाणारी पायरी : नाक मोकळं करणारे थेंब घालून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सगळं तपासायचं. थेंबांनी नाक छान मोकळं झालं तर दोष सुजेत आहे, म्हणजे औषधांना वाव आहे. काहीच फरक पडला नाही तर दोष सांगाड्यात, म्हणजे पडद्यात किंवा झडपेत असण्याची शक्यता वाढते. एवढ्या साध्या गोष्टीवर पुढचा निर्णय फिरतो. गर्दीच्या ओपीडीत पंधरा मिनिटं थांबायला कोणाला जमत नाही, ही गोष्ट वेगळी.

आणि हे थेंब फक्त तपासणीपुरते. रोज घातले तर आठवडाभरातच नाक त्यांना सोकावतं आणि औषध उतरलं की पूर्वीपेक्षा घट्ट बंद होतं. ‘थेंबांशिवाय झोपच येत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काहींना शस्त्रक्रियेची नव्हे, थेंब सोडण्याची गरज असते.

श्वास मोजायची यंत्रं कोणती?

सुरुवात आरशापासून झाली. 19व्या शतकाच्या अखेरीस झ्वार्डेमाकर या डच शास्त्रज्ञाने नाकाखाली गार आरसा धरून दोन बाजूंना उमटणारा बाष्पाचा डाग ताडून बघायची युक्ती काढली. आजही लहान मुलांच्या नाकाखाली चमचा किंवा धातूची पट्टी धरतात, ती याचीच नात.

आज संशोधनात मुख्यतः तीन साधनं दिसतात.

पहिलं ऱ्हायनोमॅनोमेट्री. तोंडावर मास्क, एका नाकपुडीला चिकटपट्टीने नळी लावून ती बंद, आणि दुसरीने श्वास. नळी दाब मोजते, मास्क हवेचा प्रवाह मोजतो, दोन्हींच्या भागाकारातून अडथळा निघतो. मग बाजू बदलायची. वेगवेगळ्या ठिकाणचे आकडे ताडता यावेत म्हणून 1984 च्या आंतरराष्ट्रीय समितीने 150 पास्कल दाबाला मोजणी करायचा दंडक घालून दिला. हे यंत्र श्वास चालू असताना मोजतं, हा त्याचा मोठेपणा. पण पडद्याला भोक असेल किंवा एक बाजू पूर्ण बंद असेल तर ही पद्धत चालतच नाही, आणि ज्यांना मोजणीची सर्वाधिक गरज, तेच यातून गळतात.

दुसरं अकॉस्टिक ऱ्हायनोमेट्री. नाकपुडीत आवाजाचा एक टिचका सोडायचा आणि आतून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून कुठल्या अंतरावर किती जागा आहे याचा आलेख काढायचा. डेन्मार्कच्या ओले हिल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी 1989 साली ही पद्धत मांडली. रुग्णाला काही करावं लागत नाही, क्षणात होतं, म्हणून मुलांतही जमतं. पुढच्या भागाचं माप विश्वासार्ह मिळतं. जसजसं मागे जावं तसतसा आवाज सायनसमध्ये शिरून आलेख बिघडतो. शिवाय ते जागा मोजतं, श्वास नव्हे.

तिसरं पीक नेझल इन्स्पिरेटरी फ्लो मीटर. नाकातोंडावर मास्क, तोंड मिटून नाकाने जमेल तितका जोरात श्वास आत ओढायचा, आणि नळीतला काटा दर मिनिटाला किती लिटरवर जातो ते वाचायचं. वीज लागत नाही, हातात मावतं. निरोगी प्रौढांत पुरुषांचा आकडा साधारण 140 च्या आसपास आणि स्त्रियांचा 120 च्या आसपास येतो, पण उंची, वय आणि छातीची ताकद यांनी तो बराच हलतो. ज्याच्या झडपेची भिंत मऊ आहे, त्याने जोर लावला की भिंत मिटते आणि आकडा नेहमीच्या श्वासापेक्षा वाईट दिसतो. दमा असेल तर फुप्फुसाचा दोष नाकाच्या माथी बसतो. तरीही एकाच माणसाचा उपचाराआधीचा आणि नंतरचा आकडा ताडायला हे साधन मला आवडतं.

तिन्ही यंत्रांना नाकाच्या पाळीचा त्रास आहे. सकाळी अकराला डावी बाजू बंद आणि दुपारी तीनला उजवी, मग कुठला आकडा खरा? म्हणून नीट केलेल्या अभ्यासात थेंब घालण्याआधी आणि नंतर अशी दोनदा मोजणी करतात. एखाद्या अहवालात याचा उल्लेखच नसेल तर त्यातले एका बाजूचे आकडे जपून घ्यावेत.

यंत्र म्हणतं नाक मोकळं, मला वाटतं बंद. खोटं कोण?

दोघंही खरं बोलताहेत. या सगळ्या विषयातला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग हाच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

हवा किती जाते हे ओळखणारा वेगळा मीटर नाकात नाही. श्वास आत जाताना नाकाच्या ओलसर अस्तरावरून पाणी उडतं, अस्तर थोडं गार होतं, आणि हा गारवा चेतातंतूंवरच्या टीआरपीएम8 नावाच्या ग्राहकाला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला (रिसेप्टर), कळतो. मेंदू त्या गारव्याला ‘हवा जातेय’ म्हणून वाचतो. हाच ग्राहक मेन्थॉललाही दाद देतो. त्याचा शोध 2002 साली लागला. तो लावणाऱ्या दोन स्वतंत्र गटांशी संबंधित डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना तापमान आणि स्पर्श ओळखणाऱ्या ग्राहकांवरील कामासाठी 2021 चं नोबेल मिळालं.

आता गंमत बघा. मेन्थॉलची वाफ घेतली की नाक सुटल्यासारखं वाटतं, पण त्याच वेळी यंत्र लावलं तर अडथळा होता तेवढाच भरतो. रॉन एकल्स यांनी ब्रिटनमध्ये असे प्रयोग वारंवार केले. उलटही घडवता येतं : नाकाच्या तोंडाशी त्वचा बधिर केली तर हवा पूर्वीइतकीच जाते, तरी माणूस म्हणतो बंद झालं. म्हणजे सर्दीत चोळायची मलमं नाक उघडत नाहीत, उघडल्याची बातमी तेवढी मेंदूला देतात. ती बातमी रात्री दोन वाजता लाखमोलाची असते, याबद्दल वाद नाही.

अलीकडे सीटी स्कॅनवरून नाकाचा हुबेहूब संगणकीय नमुना करून त्यात हवेचा प्रवाह सोडून बघतात. अशा अभ्यासांत नुसत्या अडथळ्यापेक्षा अस्तराच्या किती भागावरून किती उष्णता जाते, याचा रुग्णाच्या जाणिवेशी संबंध जास्त चांगला जुळताना दिसला आहे. हवा आत गेली, पण अस्तराला न घासता मधूनच निघून गेली, तर नाक बंद वाटू शकतं. त्यामुळे जागा जितकी मोठी तितकं बरं, हा जुना हिशोब डळमळतो. शस्त्रक्रियेला याने कसा धक्का दिला ते पुढे टर्बिनेटच्या प्रश्नात येईलच.

मग जाणीव मोजायची कशी?

विचारून. ऐकायला बाळबोध वाटेल, पण नीट तपासलेली प्रश्नावली हेही मोजण्याचं साधनच आहे.

सर्वांत रुळलेली आहे ‘नोज’ प्रश्नावली. ती 2004 साली आली. प्रश्न फक्त पाच : नाक चोंदणं, नाक बंद होणं, नाकाने श्वास घ्यायला त्रास, झोपेत अडचण, आणि श्रमाच्या वेळी नाकाने पुरेशी हवा न मिळणं. गेल्या महिन्यात प्रत्येकाचा त्रास किती, याला 0 ते 4 गुण. बेरजेला पाचने गुणायचं की 0 ते 100 चा आकडा मिळतो. 0 म्हणजे त्रास नाही. साधारणपणे 30 ते 50 मध्यम, 55 ते 75 तीव्र आणि 80 पासून पुढे अतितीव्र धरतात. तक्रार नसलेल्या लोकांची सरासरी शून्य नव्हे तर 15 च्या आसपास येते. शस्त्रक्रियेनंतर शून्याची अपेक्षा धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

दुसरी ‘स्नॉट-22’. बावीस प्रश्न, 0 ते 110 गुण, इथेही गुण जितके कमी तितका त्रास कमी. तीत शिंका, शेंबूड, कानाचा दडा, झोप, चिडचिड असं सगळं येतं. ती सायनसच्या जुनाट आजारासाठी जास्त शोभते, पण नाकाच्या इतर अभ्यासांतही वापरतात. तीत 9 गुणांच्या आसपास फरक पडला तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. ‘नोज’मध्ये शस्त्रक्रियेनंतर निदान 30 गुण उतरावेत, अशी अपेक्षा ठेवली जाते.

पडद्याच्या शस्त्रक्रियेचा खरंच उपयोग होतो, याला पुरावा काय?

गंमत म्हणजे शंभर वर्षं हा प्रश्न कोणी धड विचारलाच नाही. फ्रीअर या सर्जनने 1902 च्या आणि किलियन या सर्जनने 1904 च्या सुमारास पडद्याचं अस्तर राखून आतली कूर्चा-हाड काढायची पद्धत रूढ केली. पुढे कॉटल यांनी 1950 च्या दशकात ‘काढून टाकण्यापेक्षा सरळ करून परत बसवा’ हा विचार रुजवला. लाखो पडदे सरळ झाले. पण शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले असे चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत आणि ताडून बघावं, हे 21वं शतक उजाडेपर्यंत मोठ्या प्रमाणावर झालं नाही.

दोन अभ्यास आता पायाचे दगड आहेत. नेदरलँड्समधला अभ्यास 2019 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात 203 प्रौढ होते. निम्म्यांची पडद्याची शस्त्रक्रिया झाली, काहींची सोबत टर्बिनेटचीही. उरलेल्यांना औषधं दिली किंवा नुसतं लक्ष ठेवलं. वर्षभराने जीवनमानाच्या ग्लासगो मोजपट्टीवर (इथे गुण जितके जास्त तितकं बरं) शस्त्रक्रियेच्या गटाचे सरासरी 72.2 आणि दुसऱ्या गटाचे 63.9 गुण आले.

ब्रिटनचा ‘नायरोस’ अभ्यास 2023 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला. 17 रुग्णालयं, 378 रुग्ण. एका गटाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला सहा महिने स्टेरॉइडचा आणि मिठाच्या पाण्याचा फवारा. सहा महिन्यांनी ‘स्नॉट-22’ चा सरासरी आकडा शस्त्रक्रियेच्या गटात 19.9 आणि फवाऱ्याच्या गटात 39.5. वर सांगितलेल्या 9 गुणांच्या कसोटीशी हा वीस गुणांचा फरक ताडून बघा, म्हणजे त्याचं वजन कळेल.

म्हणजे पडदा वाकडा, त्रास बऱ्यापैकी, आणि दोन्हींचा मेळ बसतो, अशा माणसाला शस्त्रक्रियेचा फायदा होतो, हे आता ठामपणे म्हणता येतं. नुसता पडदा वाकडा आहे आणि त्रास नाही, अशांबद्दल हे अभ्यास काहीच सांगत नाहीत. ते या अभ्यासांत नव्हतेच.

पण शस्त्रक्रिया झाली या समाधानानेच बरं वाटत असेल तर?

प्रश्न रास्त आहे. वरच्या दोन्ही अभ्यासांत कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक होतं. तक्रार जाणिवेची, मोजणी जाणिवेची, मग समाधानाचा वाटा येणारच. गोळीच्या अभ्यासात साखरेची गोळी देता येते. इथे भूल देऊन, काही न करता उठवायचं, हे नैतिकदृष्ट्या जड जातं. भुलीचा धोका तरी खराच असतो ना.

झडपेवर रेडिओलहरींनी उष्णता देण्यासारखे छोटे उपचार जागेपणी होतात. तिथे मात्र नुसती कांडी आत ठेवून चालू न केलेल्या यंत्राशी तुलना झाली आहे. अशा अभ्यासांत लटक्या उपचाराच्या गटातही बऱ्याच जणांना बरं वाटलं, खऱ्या उपचाराच्या गटात त्याहून जास्त जणांना. कुठल्याही नव्या उपकरणाची जाहिरात ‘90 टक्के रुग्ण समाधानी’ म्हणून आली आणि शेजारी तुलनेचा गट नसेल, तर त्या आकड्यावरून फार काही ठरवू नये.

टर्बिनेट पूर्ण काढून टाकलं तर कायमचा प्रश्न मिटेल ना?

असंच एके काळी वाटायचं, आणि काढूनही टाकत. काहींचं छान झालं. काहींचं नाक मात्र कोरडं पडलं, खपल्या धरू लागलं, आणि मोकळ्या ढाकळ्या नाकातून श्वास घेताना माणूस गुदमरू लागला. 1994 साली अमेरिकेत यूजीन कर्न यांच्याकडून या अवस्थेला ‘एम्प्टी नोज सिंड्रोम’ हे नाव मिळालं. त्या रुग्णांना यंत्र लावलं तर अडथळा कमीच दिसतो, म्हणून कित्येक वर्षं त्यांना ‘मनाचे खेळ’ म्हणून परत पाठवलं गेलं. गारव्याचं गणित कळल्यावर चित्र स्पष्ट होऊ लागलं : ज्या अस्तरावर गारवा जाणवायचा तेच कापून टाकलं, मग हवा गेल्याचं कळणार कसं?

ओळखण्यासाठी सहा प्रश्नांची वेगळी प्रश्नावली आहे, 30 पैकी 11 किंवा अधिक गुण आले तर शंका घ्यायची. सोबत एक साधी चाचणी : टर्बिनेटच्या जागी ओला कापूस काही वेळ ठेवून बघायचा. नाकात बोळा घातल्यावर श्वास सुधारला असं जो रुग्ण सांगतो, त्याचं ऐकायला हवं.

टर्बिनेट कमी करायच्या पद्धती भरपूर आहेत. पासाली आणि सहकाऱ्यांनी इटलीत 382 रुग्णांत सहा पद्धती ताडून सहा वर्षं पाठपुरावा केला. 2003 च्या त्या अहवालात अस्तर राखून आतला भाग काढणं आणि उरलेलं टर्बिनेट बाहेर सरकवणं, ही पद्धत सरस ठरली. तंत्रं त्यानंतर बदलली, पण अस्तर राखण्याचं तत्त्व टिकलं.

झडपेचा दोष पडदा सरळ करून जातो का?

कधी जातो, कधी नाही. पडद्याची शस्त्रक्रिया ‘फसली’ म्हणून दुसरं मत घ्यायला येणाऱ्यांत झडपेचा दोष सुटून गेलेले बरेच असतात. कोन अरुंद असेल तर पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये कूर्चेची पाचर बसवतात. ही युक्ती शीन या सर्जनने 1984 साली मांडली. भिंतच लेचीपेची असेल तर तिला कूर्चेचा आधार देतात. त्यासाठीची कूर्चा बहुधा पडद्यातूनच घेतात, म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेत पडदा उगाच जास्त काढू नये. नाकाचा मणका शाबूत राहावा म्हणून वर आणि पुढे निदान एक सेंटिमीटरची पट्टी राखायचा नियम आहे. ती राखली नाही तर नाक मधे बसतं.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल तर खेळाडू नाकावर लावतात ती चिकटपट्टी रात्री लावून बघा. तिने ठळक फरक पडला तर डॉक्टरांना ते जरूर सांगा.

घोरणं थांबेल का?

नुसतं घोरणं कमी होऊ शकतं. झोपेत श्वास थांबण्याचा आजार मात्र केवळ नाकाच्या शस्त्रक्रियेने सहसा बरा होत नाही, कारण त्यातली मुख्य अडचण घशात असते. झोपेच्या तपासणीत तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा नाक मोकळं करूनही फारसा हलत नाही. फायदा दुसरीकडे होतो : सीपॅप यंत्राचा, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा, दाब कमी ठेवता येतो आणि मास्क सहन होतो. यंत्र कोपऱ्यात धूळ खात पडलेल्यांसाठी एवढंही पुष्कळ.

नंतर नाकात बोळे घालतातच का? त्याचीच भीती वाटते.

आता सरसकट नाही. पडद्याच्या दोन्ही अस्तरांमधून आरपार विरघळणारे टाके घातले तर बोळ्यांशिवाय काम भागतं, आणि बोळे घातलेल्यांना दुखणं जास्त होतं, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. रक्तस्राव जास्त असेल तर मात्र सर्जनला पर्याय नसतो. आधी विचारून ठेवा.

धोके कोणते?

रक्तस्राव, जंतुसंसर्ग, अस्तरांच्या मधे रक्त साठणं, पडद्याला भोक, आतले पदर चिकटणं, वरच्या पुढच्या दातांना काही काळ बधिरपणा, वासात बदल, नाकाच्या आकारात फरक. बहुतेक गोष्टी क्वचित होतात. रक्त साठून दोन्ही नाकपुड्या अचानक बंद झाल्या आणि दुखू लागलं तर त्याच दिवशी दाखवा, कूर्चेचं पोषण अस्तरावर चालतं आणि ते तुटलं की कूर्चा विरघळते.

मुलांची शस्त्रक्रिया कधी करावी?

पडद्याच्या कूर्चेवर चेहऱ्याच्या मधल्या भागाची वाढ अवलंबून असते, म्हणून साधारण 16-17 वर्षांपर्यंत थांबायची रीत आहे. मूल तोंडानेच श्वास घेत असेल, मार लागून पडदा फारच सरकला असेल, तर त्याआधीही जपून, थोडकी शस्त्रक्रिया करतात. पण मुलाचं नाक बंद असेल तर आधी ॲडिनॉइड (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला असणारी गाठ) आणि ॲलर्जी बघावी, पडदा नंतर.

शस्त्रक्रियेनंतर किती दिवसांनी मोजायचं?

पहिले काही आठवडे सूज आणि खपल्या यांचे असतात, तेव्हाचा आकडा कशाचाच नाही. तीन महिन्यांनी अंदाज येतो, अभ्यास सहसा सहा किंवा बारा महिन्यांवर निकाल लावतात. ॲलर्जी असलेल्यांनी फवारा सुरू ठेवावा, सर्जनने सरळ केलेला पडदा ॲलर्जी घालवत नाही. वर्षाने पुन्हा चोंदलेलं नाक घेऊन येणाऱ्यांत पडदा पुन्हा वाकलेले थोडे, फवारा सोडलेले जास्त.

संगणकावर आधीच शस्त्रक्रिया करून बघता येते का?

संशोधनात येते. स्कॅनवरून नमुना करायचा, त्यात पडदा सरळ करायचा किंवा टर्बिनेटचा तुकडा कमी करायचा आणि प्रवाह व गारवा कसा बदलतो ते बघायचं. अडचणी उघड आहेत : नमुन्याच्या भिंती सहसा ताठ धरतात, खऱ्या झडपेसारख्या मिटत नाहीत, आणि स्कॅन नाकाच्या पाळीतला एकच क्षण पकडतो. एका नमुन्याला वेळही बराच लागतो. तूर्त तरी निर्णय सर्जनच्या हातातली काडी, थेंबांनंतरची पंधरा मिनिटं आणि ‘नोज’च्या त्या पाच प्रश्नांवर होतो.

डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जावं?

दोन आठवड्यांची छोटी टिपण : कुठली बाजू बंद, कधी, झोपेत की जागेपणी, श्रमाने वाढतं की कमी होतं, धूळ किंवा गारठ्याशी संबंध आहे का. आजवर वापरलेल्या फवाऱ्यांची आणि थेंबांची नावं, आणि प्रत्येक किती दिवस वापरला ते. फवारा चार दिवस वापरून ‘उपयोग नाही’ म्हणणं धरत नाहीत, किमान काही आठवडे रोज, टोक पडद्याकडे न धरता बाहेरच्या बाजूला धरून. ‘नोज’चे पाच प्रश्न घरीच सोडवून आकडा लिहून न्या, आणि शस्त्रक्रिया झाली तर सहा महिन्यांनी तोच कागद पुन्हा भरा.